विजू, तुला थंडी वाजायची की नाही?

विजू, तुझ्या तेराव्याला मी तुझ्या नवऱ्याशी वाद घातला.

असं कुणी करत नाही, हे मलाही कळतं. तुमच्या लालबागच्या दोन खोल्यांत पाय ठेवायला जागा नव्हती. गावाहून आलेल्या बायका आतल्या खोलीत, पुरुष बाहेर गॅलरीत, आणि मी मधल्या दाराशी पिशवी धरून उभी. ओळखीचं कुणीच दिसेना. तुझ्या मोठ्या नणंदेने विचारलं, तुम्ही लॅबमधल्या काय? मी म्हटलं, नाही, मी सॉफ्टबॉलची. ती कुठली कंपनी ते तिला कळलं नसावं, पण तिने मान डोलावली आणि मला भिंतीपाशी बसायला जागा करून दिली. मलाही नीट सांगता आलं नाही. आपण कोण होतो गं एकमेकींच्या? मैत्रीण म्हणावं तर तुझ्या घरी मी त्याआधी एकदाच आले होते, तेही गणपतीला, रांगेत घुसमटून. तू माझ्या ठाकूरद्वारच्या घरी कधीच आली नाहीस. आपल्या मुली एका संघात खेळायच्या, आणि हिवाळा आला की आपण दोघी कुठल्या ना कुठल्या मैदानावर जाळीमागे शेजारी शेजारी बसायचो. एवढंच.

जेवणं झाल्यावर राजनभाऊजी माझ्याजवळ येऊन बसले. म्हणाले, इतकी वर्षं पंखा एकवर ठेवायचा. आता पाचवर लावला तरी कुणी काही म्हणत नाही, आणि झोप येत नाही. मी विचारलं, एकवर का? तर म्हणाले, विजूला थंडी सोसायची नाही ना. मे महिन्यातही तिच्या अंगावर पांघरूण. बारा महिने कढत पाण्याने आंघोळ. लॅबमध्ये रक्त घ्यायच्या आधी हात चोळून चोळून गरम करायची, नाहीतर पेशंट दचकायचे.

मी म्हटलं, तुमचा काहीतरी गोंधळ होतोय. विजूला थंडी वाजतच नव्हती.

ते अगदी हळू म्हणाले, "अनघाताई, माझी बायको होती ती."

"आणि मी तिच्या शेजारी बसलेली असायचे," मी म्हटलं. "धुळ्याला तोंडातून वाफ निघत होती, तेव्हा ती साध्या कुडत्यावर बसली होती. मी स्वतः पाहिलंय."

माझा आवाज चढला होता. आतल्या बायका माना वळवून बघायला लागल्या. तुझी नणंद बाहेर आली आणि म्हणाली, "जाऊं दे आता. तिका आता थंडी नाय नि गरमी नाय." त्यावर भाऊजी उठून गॅलरीत गेले. मी चप्पल शोधली आणि निघाले. टॅक्सीत बसल्यावर मला रडू आलं, पण ते कशाचं होतं ते कळेना. तू गेल्याचं, की मी ज्या बाईशेजारी इतके हिवाळे काढले ती कोण होती हे मला माहीतच नसल्याचं?

तुला आठवतो का आपला पहिला दौरा? नाशिकचा. मुली तेव्हा सहावीत. दादरच्या शाळेने सॉफ्टबॉलचा संघ काढला, आणि तोवर त्या खेळाचं नावही न ऐकलेल्या आपण, मुलींबरोबर कुणीतरी बायका हव्यात म्हणून निघालो. मुंबईच्या माणसाकडे थंडीचे कपडे असतात कुठे? परळला हिवाळ्यात रस्त्याकडेला स्वेटरवाले बसतात, त्यांच्याकडून मी माझ्या सईसाठी, स्वतःसाठी, जे दिसेल ते उचललं होतं. दोन स्वेटर, कानटोपी, हातमोजे, सासूबाईंची पश्मिन्याची म्हणून सांगितली जाणारी शाल. सकाळी मैदानावर दव पडून गवत पांढरं झालेलं. मी त्या सिमेंटच्या पायरीवर बसले आणि गारठा थेट मणक्यात शिरला. दात वाजायला लागले.

तू माझ्याकडे बघितलंस, काही न बोलता तुझ्या पिशवीतून वर्तमानपत्र काढलंस आणि मला उठवून माझ्याखाली अंथरलंस. मग म्हणालीस, बूट काढ. मला वाटलं चेष्टा करतेस. तू एकेक कागद चुरगाळून बुटात बोटांपाशी कोंबलास आणि म्हणालीस, आता घाल. थर्मासमधला सुंठ घातलेला चहा दिलास, आणि तो लगेच पिऊ नको, आधी पेला दोन्ही हातांत धरून बस, म्हणालीस. लोकर अंगाला लागून नको, आत सुती हवं. मान आणि मनगटं झाकली की बाकीचं अंग आपोआप सांभाळतं. हे सगळं तू एखाद्या नर्सने सांगावं तसं सांगत होतीस, आणि त्या दिवशी तुझ्या अंगावर, मला पक्कं आठवतं, तपकिरी स्वेटर होता. गळ्यापर्यंत बटणं लावलेला.

म्हणजे नाशिकला होता. धुळ्यापासून नव्हता. हे मला आत्ता, लिहिता लिहिता लक्षात येतंय. आणि दुसरंही. ज्या बाईला थंडी वाजतच नाही, तिला बुटात कागद कोंबायचं कशाला सुचलं असेल? इतकी वर्षं हा साधा प्रश्न माझ्या डोक्यात आला नाही.

धुळ्याला मुली सातवीत होत्या. सई तोवर पिचर झाली होती, म्हणजे मधोमध उभं राहून चेंडू टाकणारी, आणि तुझी तनू कॅचर, तो चेंडू झेलायला फलंदाजाच्या मागे उकिडवी बसणारी. आपण बसायचो ते तनूच्या मागे, जाळीपलीकडे. त्यामुळे तुला तुझ्या लेकीची कायम पाठ दिसायची आणि मला माझ्या लेकीचं तोंड. यावरून तू मला चिडवायचीस. तुझं बरं आहे गो, म्हणायचीस, तुला समोरचं तिकीट मिळालंय.

त्या सामन्यात सईचे चेंडू भलतीकडेच जात होते. इकडे पडतोय, तिकडे पडतोय, समोरच्या मुली न खेळताच चालत पुढे जातायत. मी शालीत तोंड खुपसून बसले होते. पहिली पाळी संपली तेव्हा तू उठून मुलींच्या पाण्याच्या पिंपाकडे गेलीस. परत आलीस ती स्वेटर काढून. मी विचारलं तर म्हणालीस, "माका थंडी वाजणा नाय." मग मला म्हणालीस, तू जरा त्या टोकाला सरक, तिथे ऊन येतंय. मी सरकले. खरंच ऊन येत होतं. पाठ शेकून निघाली आणि मी मनात म्हटलं, काय बाई आहे, स्वतः माझ्या जागेवर बसली आणि मला उन्हात पाठवलं.

त्यानंतर प्रत्येक ठिकाणी तसंच. तू मधे, जाळीच्या बरोबर समोर, बिनस्वेटरची, ताठ. मी कडेला, लोकरीचं गाठोडं होऊन. जळगावला, पुण्याला, आणि आपल्या दादरच्या मैदानावर जानेवारीत सकाळी सहाला, जिथे आपण त्या तेवढ्याशा गारव्यालाही थंडी म्हणतो.

आणि आपलं भांडण. ते तर दर हिवाळ्याला नव्याने निघायचं. तू म्हणायचीस, पोरी अर्ध्या बाह्यांत उभ्या आहेत आणि आपण आया शाली लपेटून बसतो, बरं दिसत नाही. मी म्हणायचे, थंडी वाटून घेतल्याने कमी होत नाही. मी आजारी पडले तर ऑफिस कोण करणार आणि सईचं कोण बघणार? तू म्हणायचीस, एक दिवस काढ शाल, काय मरत नाहीस. मला ते लागायचं. मला वाटायचं, ही मला नाजूक समजते. गिरगावातली, पोथी-पुस्तकातली, वारा लागला की शिंकणारी. तुझ्याकडे अंगमेहनतीचा अभिमान आहे आणि तो तू मला दाखवतेस, असं वाटायचं. शेवटचा फोनही त्यावरूनच. पुढच्या महिन्यात जळगावला जायचं ठरत होतं. तू म्हणालीस, या वेळी ती शाल घरी ठेवून ये. मी म्हटलं, विजू, पुरे झालं आता, माझ्या अंगावर काय असावं ते मी ठरवीन. तू हसलीस. म्हणालीस, बरं बाई, बरं. आणि लॅबमध्ये कुणीतरी हाक मारली म्हणून फोन ठेवलास.

त्यानंतर चार-पाच दिवसांत तू नव्हतीस. जिन्यात बसलीस आणि उठलीच नाहीस, असं तनूने सईला सांगितलं.

तेराव्याहून आल्यावर मी सईला सगळं सांगितलं. भाऊजी काय म्हणाले, मी काय बोलले, सगळे माझ्याकडे कसे बघत होते. वाटलं, ती म्हणेल, आई तू कमाल करतेस. ती अभ्यासाच्या टेबलाशी बसून पेनाचं टोपण काढत-घालत राहिली. मग म्हणाली, विजूमावशीला थंडी वाजायचीच.

मी विचारलं, तुला कसं ठाऊक?

आणि मग तिने सांगितलं. धुळ्याला तू पाण्याच्या पिंपापाशी तिला विचारलं होतंस, काय होतंय? तिने सांगितलं, समोर आई कुडकुडताना दिसते. मला वाटतं, लवकर संपवावं म्हणजे ती खोलीवर जाईल. म्हणून हात घाई करतो. तू तिला म्हणालीस, एवढंच ना? आता समोर बघ, तुला कुडकुडणारं कुणी दिसणार नाही.

"तिचे ओठ निळे पडायचे, आई," सई म्हणाली. "मला दिसायचे. पण ती हलायची नाही. मग मलाच वाटायचं, ती बसू शकते तर मी टाकू शकते."

विजू, मी काय करू या गोष्टीचं? मला सांग.

आधी मला तुझा राग आला. आयुष्यात इतका कुणाचा आला नसेल. माझ्या मुलीला माझ्यामुळे त्रास होत होता आणि ते तू मला सांगितलं नाहीस. एक वाक्य पुरलं असतं. मी काढली असती शाल. की नसती काढली? तू तर दरवर्षी सांगतच होतीस, काढ म्हणून. कारण तेवढं सांगत नव्हतीस. ते कळलं असतं तर मला काय वाटलं असतं, याचा विचार करून गप्प बसलीस का? आई म्हणून मला कुठे टोचू नये म्हणून? मग मला नाजूक समजत होतीस ते खरंच होतं की. फक्त मी समजले त्यापेक्षा वेगळ्या जागी.

मग भीती वाटली. मी आमच्या डॉक्टरांना जाऊन विचारलं, वर्षानुवर्षं थंडीत बसल्याने माणसाच्या हृदयावर परिणाम होतो का? त्यांनी चष्म्यावरून बघितलं आणि विचारलं, कोण गेलं? मी सांगितलं. ते म्हणाले, वर्षातल्या दहा-पंधरा सकाळींनी असं काही होत नाही, हे डोक्यातून काढून टाका. काढून टाकलं. पुन्हा येतं.

आणि मग तिसरी गोष्ट, जी सगळ्यात अवघड आहे. तनू. तुझी लेक तुझ्याकडे पाठ करून बसायची. तिला तू दिसतच नव्हतीस. तू गारठलीस ती माझ्या लेकीसाठी, आणि तुझ्या लेकीला त्याचा पत्ता नाही. हे तिला सांगावं की नाही? सांगितलं तर तिला आईचा अभिमान वाटेल, की आईची एवढी मोठी गोष्ट दुसरीच कुणी घेऊन गेली असं वाटेल? सईला विचारलं तर ती म्हणाली, मला माहीत नाही, म्हणूनच मी कधी बोलले नाही. सोळा वर्षांच्या मुलीने इतकी वर्षं हे पोटात ठेवलं. ते तरी तूच शिकवलंस का?

आज सकाळी दादरच्या मैदानावर मुलींचा सामना होता. तू गेल्यानंतरचा पहिला. तनू खेळणार नाही असं सगळ्यांना वाटलं होतं. ती आली. आणि तिच्यामागे राजनभाऊजी आले, ऑफिसच्या कपड्यांत, डबा काखोटीला मारून. इतक्या वर्षांत ते एकदाही मैदानावर आले नव्हते. मी तेराव्याच्या दिवसाबद्दल माफी मागायला तोंड उघडलं, तर तेच म्हणाले, तनूकडून कळलं, विजू मैदानावर स्वेटर घालत नसे. तुमचं बरोबर होतं. मी म्हटलं, तुमचंही.

मी आज शाल नेली नव्हती. जाळीच्या बरोबर समोर, तुझ्या जागी बसले. हवेत बरीच शिरशिरी होती, मुंबईच्या मानाने. मी हात मांडीवर ठेवून ताठ बसले आणि सईकडे बघत राहिले. पहिली पाळी झाल्यावर ती तरातरा माझ्याकडे आली. जाळीतून म्हणाली, "आई, काय करतेयस? अंगावर काहीतरी घे. मी तेव्हा सातवीत होते. मला आता काही होत नाही."

मी विचारलं, विजूमावशीला हे सांगितलं नव्हतंस?

सांगितलं होतं, म्हणाली. नववीत असतानाच. मावशी म्हणाली, असू दे गो, आता सवय झाली.

सवय झाली. भाऊजी शेजारी बसून हे ऐकत होते. घरी मे महिन्यात पांघरूण घेणाऱ्या बाईला ही कसली सवय? मी त्यांच्याकडे पाहिलं, त्यांनी माझ्याकडे. म्हणजे शेवटची एक-दोन वर्षं तू कुणासाठीच बसली नव्हतीस. की होतीस? थंडीत ताठ बसणारी ती विजू तुला आवडायला लागली होती का? घरातल्या, लॅबमधल्या विजूपेक्षा वेगळी, वर्षातून दहा-पंधरा सकाळी भेटणारी? मला तसं वाटून घ्यायला आवडेल. पण तेही मीच रचतेय. तुला विचारायची सोय नाही.

दुसऱ्या पाळीच्या आधी तनू कॅचरचा जाळीदार मास्क हातात घेऊन जाळीशी आली. डोळे सुजलेले होते, पण आवाज नेहमीचा. मला म्हणाली, "मावशी, काहीतरी बोलत राहा ना. आई सारखी बोलत असायची. खाली बस, कोपर आत घे, असलं काहीही. मला मागचं दिसत नाही. आवाज नसला की मागे कुणीच नाही असं वाटतं."

म्हणजे तिलाही तू दिलंच होतंस. सईला बघायला आणि हिला ऐकायला. मी इतके हिवाळे तुझ्या बडबडीला खेळातली लुडबूड समजत होते.

ती जाऊन बसली. मास्क चढवला. सईने हात मागे घेतला. मी बोलायचा प्रयत्न केला, विजू. शप्पथ. खाली बस म्हणावं तर ती खालीच बसलेली. कोपर आत घे म्हणावं तर कोपर कुठे असायला हवं ते मला अजून कळत नाही. एक चेंडू गेला, दुसरा गेला. तनूची मान किंचित मागे वळल्यासारखी झाली आणि पुन्हा समोर.

तेवढ्यात माझ्या शेजारी भाऊजी उठून उभे राहिले. डबा छातीशी धरून, जाळीला नाक लावून, सगळ्या मैदानाला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडले, "तनू, दूध प्यायलंस का?"

पलीकडच्या बाकावरच्या मुली फिस्सकन हसल्या. अंपायरने वळून बघितलं. सई चेंडू हातात धरून तशीच थांबली. भाऊजी गोरेमोरे झाले, पण बसले नाहीत. त्यांनी पुन्हा विचारलं, जरा हळू, प्यायलंस ना?

तनूने मागे न बघता जोरात मान हलवली. आणि मग तिचे खांदे हलायला लागले. पाठीमागून बघताना, मास्कच्या आत ती हसतेय की रडतेय, ते मला कळलं नाही. तुला कळायचं का गं?